माझं निष्कलंक लायसन्स

माझ्याकडे गाडी चालवायचं लायसन्स आहे ही गोष्ट बँकेला माहीत आहे, कुरियरवाल्याला माहीत आहे, सिमकार्ड विकणाऱ्या दुकानदाराला माहीत आहे. फक्त आमच्या गाडीला माहीत नव्हती.

लायसन्स काढलं तेव्हा आमची लेक बालवाडीत होती, आता ती परगावी नोकरी करते. मधली सगळी वर्षं ते माझ्या पाकिटाच्या पारदर्शक कप्प्यात पडून होतं. कुणी ‘फोटो असलेलं काहीतरी दाखवा’ म्हटलं की ते तत्परतेनं बाहेर यायचं आणि काम झालं की परत आत जायचं. आमच्या ओळखीतल्या निम्म्या बायकांची हीच तऱ्हा. आम्ही लायसन्स काढतो ते आपण आपणच आहोत हे सिद्ध करायला. गाडी चालवायला घरात माणूस असतोच.

आमच्या घरात तो माणूस म्हणजे आमचे हे. गाडी उत्तम चालवतात. दर रविवारी मला गावाच्या दुसऱ्या टोकाला माझ्या आईकडे नेतात, तेही कुरकुर न करता. जावई म्हणून त्यांना नाव ठेवायला जागा नाही. पण खरी पंचाईत अशी, की आईच्या गल्लीत गाडीलाही जागा नाही. म्हणून हे मला दारात उतरवतात आणि स्वतः गाडीतच बसून राहतात. मागून कुणी हॉर्न मारला की चौकापर्यंत एक फेरी मारून परत येतात. आता तुम्हीच सांगा, नवरा खाली घिरट्या घालतोय हे माहीत असताना बाईनं आईशी काय बोलावं? ‘जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, गुडघा काय म्हणतोय,’ की संपलं. आईच म्हणते, ‘ऊठ बाई, जावईबापू खोळंबलेत.’ बसनं गेलं तर दोनदा बदलावी लागते, आणि तिकडून शेवटची बस इतक्या लवकर सुटते की आई मला बघायचं सोडून घड्याळाकडेच बघत बसते.

मी शाळेत गणित शिकवते. गणित शिकवणाऱ्या बाईनं काही गणितं करू नयेत, पण एका रविवारी परतताना मी त्यातलं एक केलं. आईचं वय, वर्षातले रविवार आणि दर रविवारी वाट्याला येणारा वेळ. उत्तर आलं तेव्हा मला गाडीतच रडू फुटलं. ह्यांना वाटलं एसीमुळे डोळे चुरचुरतायत. त्यांनी एसी कमी केला.

घरी पोचल्यावर मी जाहीर केलं, “मी गाडी चालवणार. आईकडे एकटी जाणार.”

“कशाला? मी आहे ना!” हे म्हणाले.

यात वाईट काहीच नव्हतं, उलट प्रेमच होतं. म्हणून तर त्यावर भांडता येईना.

पहिले धडे ह्यांनीच दिले. मोकळ्या मैदानाजवळचा रस्ता, सकाळची वेळ, चिटपाखरू नाही. हे माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी दोन्ही पाय समोर घट्ट रोवले. तिथं ब्रेक नसतो हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांच्या पायांना ठाऊक नव्हतं. तोंडानं ते काही बोलायचे नाहीत. नुसता “स्स्स” असा श्वास आत ओढायचे, उकळता चहा जिभेवर सांडावा तसा. एकदा तर समोर काहीच नव्हतं तरी ओढला. मी विचारलं, “आता काय झालं?” म्हणाले, “काही नाही, सहज.” त्या सहजतेनं आमच्या पंचवीस वर्षांच्या संसारावर जो ताण आणला, तो दोन्हीकडच्या नातेवाइकांनी मिळूनसुद्धा आणला नव्हता. मग आम्ही शहाण्या माणसांसारखं ठरवलं, की संसार टिकवायचा आणि शिकवणी लावायची.

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांपाशी मात्र माझं अगदी सोनं झालं. गाडी लोण्यासारखी चालायची. सिग्नलला अलगद थांबायची, चढावर हूं की चूं नाही. मास्तर सगळा वेळ फोनवर आपल्या मेहुण्याशी बोलत असायचे, यावरून मी समजले की आपल्यावर त्यांचा विश्वास बसला आहे. शेवटच्या दिवशी मी जरा लाजतच म्हटलं, “मास्तर, क्लच फार लवकर जमला हो मला.”

मास्तरांनी फोनवर हात ठेवला. “ताई, माझ्याही पायाशी क्लच, ब्रेक असतात, सगळं माझ्याकडूनच चालू होतं. तुम्ही फक्त स्टिअरिंग सांभाळत होता. पण छान सांभाळलंत हो!”

इतक्या वर्षांपूर्वी लायसन्सची परीक्षा मी कशी पास झाले असेन, हे कोडं त्या क्षणी सुटलं. त्याच मास्तरांनी त्या दिवशी आणखी एक उपकार केला. माझं लायसन्स हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, “हे तर कधीच संपलंय की!”

म्हणजे मी किती काळ बँकेला, कुरियरला आणि सरकारला एक मेलेलं लायसन्स दाखवून ‘ही मीच’ म्हणून सांगत होते, आणि सगळे माना डोलावत होते!

परिवहन कार्यालयात खिडकीमागच्या साहेबांनी ओळखपत्र मागितलं. मी सवयीनं लायसन्स पुढे केलं. “हे संपलंय, म्हणून तर तुम्ही इथं आलात ना?” त्यांनी विचारलं. वर्गात एखादा मुलगा उत्तराच्या जागी प्रश्नच लिहून देतो तेव्हा मी ज्या नजरेनं बघते, त्याच नजरेनं ते बघत होते. घरी जाऊन दुसरं ओळखपत्र आणलं तर साहेब जेवायला गेलेले. ते आले तर मशीन बंद. मशीन सुरू झालं तर माझा फोटो येईना, कारण मशीनच्या मते माझे डोळे मिटलेले होते. ते उघडेच होते हो, जन्मापासून एवढेच आहेत.

शेवटी पडद्यावर माझी सगळी माहिती उघडली आणि साहेबांचा चेहराच बदलला.

“एकही दंड नाही?”

“नाही.”

“अपघात नाही, सिग्नल तोडला नाही, चुकीच्या जागी गाडी लावली नाही... इतक्या वर्षांत?” त्यांनी शेजारच्या खिडकीतल्या बाईंना हाक मारली. “अहो, इकडे या, बघा जरा. नाहीतर तुमचे ते चिरंजीव!”

मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला. मी म्हटलं, “साहेब, माझी परीक्षा घ्या ना परत.” अगदी काकुळतीनं म्हटलं. आयुष्यात प्रथमच मला कुणीतरी नीट नापास करावं असं वाटत होतं. निदान कुठं चुकतंय ते तरी कळलं असतं.

“तुमची परीक्षा?” साहेब हसले. “लोकांनी तुमच्याकडून शिकायला पाहिजे, बाई!” आणि त्यांनी शिक्का मारला.

हा किस्सा मी गंमत म्हणून समोरच्या वहिनींना सांगितला, आणि तिथंच चुकले. वहिनींना कुठलीही गोष्ट निम्मीच ऐकायची खोड आहे. उरलेली निम्मी त्या स्वतः तयार करतात. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फलकावर चेअरमनकाकांच्या वळणदार अक्षरात झळकलं, ‘आपल्या सोसायटीतील आदर्श वाहनचालक म्हणून परिवहन कार्यालयाने गौरवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ लोक जिन्यात थांबवून हात जोडू लागले. पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर मला चढावर क्लच आणि ॲक्सिलरेटरचा मेळ कसा घालायचा ते विचारलं. मी म्हटलं, “मनापासून घालायचा.” ते विचारात पडून गेले.

आता या कीर्तीला शोभेल असं एकदा तरी करून दाखवावं, म्हणून मी एका सुट्टीच्या दिवशी किल्ली घेऊन खाली उतरले. आमची गाडी पार्किंगच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी असते, म्हणजे निघायचं तर आधी मागे यावं लागतं. आणि आपल्या लोकांचं कसं असतं बघा. कुणी पुढे निघालं तर ढुंकून बघणार नाहीत, पण गाडीचे मागचे दिवे लागले रे लागले की हातातलं काम टाकून दिशा दाखवायला धावतात. वॉचमन शिटी वाजवत आला, वहिनी भाजीच्या पिशवीसकट आल्या, पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ आले, चेअरमनकाका तर आधीपासून होतेच.

“येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या!”

“डावीकडे मारा!”

“अहो, तुमची डावी नाही, गाडीची डावी!”

“पूर्ण कापा! आता सरळ करा! सरळ म्हणजे सरळ हो!”

मी चांगल्या घरात वाढलेली बाई. मला सगळ्यांचं ऐकायची सवय आहे, त्यामुळे मी सगळ्यांचं ऐकलं. चौघांच्या सूचना मी चौघांचाही मान राखून अमलात आणल्या, आणि “येऊ द्या, येऊ द्या” हे चालू असतानाच मागून धाड्‌ असा आवाज आला. त्यानंतर कुणीतरी म्हणालं, “बस्स!”

मी सोसायटीचा फलक आडवा केला होता. माझ्या अभिनंदनासकट.

त्यावर खास सभा झाली. चेअरमनकाका म्हणाले, “माझा विरोध मुळीच नाही, पण उद्या फलकाच्या जागी एखादं माणूस असलं तर?” सगळ्यांनी आळीपाळीनं माझ्याकडे आणि एकमेकांकडे बघितलं. मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. उशी घेऊन बसा. आधी सायकल शिका. गाडीच्या चारही बाजूंना रबर लावून घ्या. वहिनी माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “माझी मावसबहीण शिकली हो तुमच्याच वयात. पण ती मुळात धीट.” शेवटी ठरलं की मी गाडी बाहेर काढताना चेअरमनकाका जातीनं हजर राहतील. म्हणजे शाळेत ज्या बाईच्या नुसत्या खाकरण्यानं अख्खा वर्ग चिडीचूप होतो, तिला फाटकाबाहेर जायला काकांचा हात धरावा लागणार!

ह्यांनी सभेत माझी बाजू घेतली, हे सांगायला हवं. फलक नाहीतरी चुकीच्या जागी होता, असं ठणकावून सांगितलं. पण घरी येऊन किल्ली त्यांनी गुपचूप आपल्या खणात ठेवली, आणि मी ते बघून न बघितल्यासारखं केलं. खरं सांगते, मला बरंच वाटलं. कुणीतरी आपल्या वतीनं हरून टाकलं की किती हायसं होतं! मी स्वतःची समजूत घातली, की सगळ्यांना सगळं जमायलाच पाहिजे असं कुठाय? काही बायका चालवतात, काही शेजारी बसतात. वर्गात मात्र तेव्हा मी पोरांना सांगत होते, ‘चुकलं तर खोडा आणि परत मांडा, घाबरायचं काय त्यात?’ सांगताना जीभ अडखळत होती. पोरांना कळलं नाही, मला कळत होतं.

आणि मग एका रविवारी सकाळी ह्यांची पाठ धरली. पेपर उचलायला वाकले ते तसेच राहिले. शेक दिला, मलम लावलं, पलंगावर आडवं केलं, आणि मी आईला फोन केला की आज येत नाही.

“असू दे गं,” आई म्हणाली. “त्यांना जप. पुढच्या रविवारी ये.” आणि लगेच, मी काही बोलायच्या आत, “मी काही वाट बघत नव्हते.”

सकाळी उठून, न्हाऊन, दाराशी खुर्ची ओढून बसलेली माझी आई मला त्या वाक्यात स्पष्ट दिसली. मी फोन ठेवला, ह्यांचा खण उघडला आणि किल्ली घेतली.

“अगं, थांब, मी येतो शेजारी बसायला,” हे पलंगावरून म्हणाले, आणि उठू गेले तर कळवळलेच.

“तुम्ही झोपा.”

“मग चेअरमनना तरी...”

“त्यांना तर मुळीच नाही.”

हे मग हळूच म्हणाले, “निदान वॉचमनकडून गाडी बाहेर तरी काढून घे. पुढे जाशील नीट.”

अहो, इतका मोह झाला म्हणून सांगू! हो म्हणायला तोंड उघडलंसुद्धा होतं. पण आईच्या गल्लीत कोण लावून देणार होतं? “नको,” मी म्हटलं, आणि जिना उतरले.

देवाच्या कृपेनं खाली कुणी नव्हतं. गाडी मी मागे घेतली, थांबले, उतरून बघितलं, पुन्हा बसले, पुन्हा मागे घेतली. पुन्हा उभ्या केलेल्या फलकाला काही झालं नाही.

पुढचा प्रवास मी कोणत्या रस्त्यानं केला हे मला धड सांगता येणार नाही. पुलाच्या चढावर गाडी बंद पडली आणि मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. मी बंद काचांच्या आत प्रत्येकाला “सॉरी हं, सॉरी हं” म्हणत होते. ते कुणाला ऐकू जाणार होतं? पण गाडी पुन्हा सुरू झाली, आणि ती मीच केली होती, कारण शेजारच्या सीटवर फक्त माझी पर्स होती. मग उजवीकडे वळायचं होतं आणि मी डावीकडच्या रांगेत सापडले. रांग बदलायची म्हणजे मागच्याला तसदी, म्हणून मी भिडेखातर रांगेबरोबर जात राहिले. ती रांग एका कारखान्याच्या फाटकाशी जाऊन संपली. पहारेकऱ्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिथं त्याला काय दिसलं कोण जाणे, त्यानं दांडा वर केला आणि सलाम ठोकला. मी आत गेले. आतलं मोकळं आवार बघून जीव भांड्यात पडला. तिथं ऐसपैस वळून मी बाहेर आले. त्यानं परत सलाम ठोकला. मीही मान हलवली, पाहणी समाधानकारक झाल्यासारखी.

आईच्या गल्लीत शिरले. नेहमीप्रमाणे दोन्ही बाजू गच्च. फक्त किराणा दुकानाच्या पुढे, एका टेंपोच्या आणि एका मोठ्या गाडीच्या मध्ये, एक फट होती. गाडी तिथं मागे घेतच घालावी लागणार होती. मी थांबले. मागचे दिवे लागले. आणि लागल्याबरोबर दुकानदार गल्ला सोडून आला, त्याची दोन गिऱ्हाइकं आली, समोरच्या गॅलरीत बनियनमधले एक आजोबा उभे राहिले.

“येऊ द्या, येऊ द्या!”

“ताई, उजवीकडे कापा!”

“अहो, नाही बसणार! पुढे न्या, पुढे चौकात बघा!”

क्षणभर वाटलं, जावं चौकात. तिथून एक फेरी मारावी, मग आणखी एक, आणि मग घरी जावं. आईला काय, मी येतेय हे माहीतच नव्हतं. मी ब्रेकवर पाय ठेवून बसले होते. आणि मग मला राग आला. त्या माणसांचा नाही, बिचारे चांगलेच होते. माझाच. मी काच खाली केली आणि वर्गातला आवाज काढला.

“कोणीही हात दाखवायचा नाही! सगळ्यांनी हात खाली!”

हात खाली गेले. गॅलरीतल्या आजोबांनी तर दोन्ही हात मागे बांधले.

मग त्या शांततेत मी माझ्या चालीनं गाडी मागे घेतली. चुकली. पुढे आणली, परत घेतली. परत चुकली. कुणी हसलं असेल तर मला माहीत नाही, मी आरशात बघत होते. शेवटी ती बसली. एक चाक जरासं फुटपाथवर राहिलं.

“ताई, थोडी तिरकी आहे,” दुकानदार दबक्या आवाजात म्हणाला.

“तिरकीच राहणार,” मी म्हटलं. जिन्यात शिरून ह्यांना फोन केला.

“पोचले.”

“गाडी?”

“लावली.”

“कुठे?”

“गल्लीतच.”

मग, “हँडब्रेक ओढलास?”

“ओढलाय.”

“बरं,” हे म्हणाले. आवाज जरा वेगळाच होता. “सावकाश ये मग. मी आहे पडून.”

आईनं दार उघडलं आणि माझ्या पाठीमागे जिन्यात बघितलं. “जावईबापू?”

“घरी. पाठ धरलीय त्यांची.”

“मग तू कुणाबरोबर आलीस?”

“एकटी आले, गाडी घेऊन.”

आई गुडघ्यावर हात ठेवत खिडकीपाशी गेली आणि खाली वाकून बघू लागली. “ती तिरकी?”

“तीच.”

“तिच्यात कुणी बसलेलं नाही?”

“नाही गं, कुणी नाही.”

ती वळली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत नीट बघितलं आणि म्हणाली, “मग ती खांद्यावरची पर्स काढून ठेव की आधी.”

मी खांद्याकडे बघितलं. पर्स तिथंच होती. या घरात, या खुर्चीवर, आईसमोर मी इतकी वर्षं पर्स खांद्याला लावूनच बसत आले होते, आणि ते तिनं दर रविवारी बघितलं होतं. मी ती काढली आणि टेबलावर ठेवली. मग काय करावं ते दोघींनाही सुचेना. आम्ही पाहुण्यांसारख्या समोरासमोर बसलो.

मग आईनं खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या फ्रिजची हकिगत सांगायला घेतली. तो कधी बिघडला, दुरुस्तीवाला काय म्हणाला, त्यावर त्या बाई काय म्हणाल्या, त्याआधी त्यांची सून काय म्हणाली होती. त्या गोष्टीत काही म्हणजे काही नव्हतं. सून दुरुस्तीवाल्याला काय बोलली इथवर येऊन आई एकदम थांबली आणि सवयीनं तिनं घड्याळाकडे बघितलं.

“तुला घाई नाही ना?”

“नाही,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की.”

“मग थांब, मी गडबडीत मधलं बरंच गाळलंय,” आई म्हणाली, खुर्चीत नीट मागे टेकली, आणि तिनं ती गोष्ट पहिल्यापासून परत सुरू केली.